संग्रहासाठी जुनी बंदूक: खासगी व्यवहारात काय पाहावं, काय विचारावं

जुन्या बंदुका संग्रहात येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत: लिलाव, परवानाधारक व्यापारी आणि खासगी व्यवहार. लिलावगृह वस्तूचं वर्णन छापून देतं, व्यापारी आपल्या वहीत नोंद ठेवतो. उद्या काही निघालं तर जाब विचारायला कुणीतरी असतं. खासगी व्यवहारात एक विकणारा आणि एक घेणारा, बस्स. आजोबांची पेटी उघडलेला नातू, संग्रह आवरता घेणारा वयस्कर संग्राहक, वडिलांच्या मागे घर रिकामं करणारी मुलगी. ज्यांच्यावर अर्धशतकात कुणाची नजर पडली नाही अशा वस्तू याच वाटेने बाहेर येतात, म्हणून जाणकारांचा ओढा इकडे असतो. पण इथे हमी देणारं कुणी नाही. जी काय खात्री मिळायची ती बंदुकीच्या अंगावरच्या खुणांमधून आणि तिच्यासोबतच्या कागदांमधून. विकणाऱ्याच्या तोंडची गोष्ट कितीही रंगतदार असली तरी तिचा नंबर तिसरा.

या खुणा आणि हे कागद कसे वाचायचे ते पुढे येईल. त्याआधी कायदा, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या जाणकारीचा काही उपयोग नाही.

कायद्याच्या लेखी ‘जुनी’ म्हणजे काय?

बोलताना आपण शंभर वर्षांच्या कुठल्याही बंदुकीला पुरातन म्हणून मोकळे होतो. कायद्याचं तसं नाही, आणि प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी आहे. तीन देशांची तुलना केली की फरक लगेच कळतो.

अमेरिका वर्ष पाहते. १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेली बंदूक ‘अँटीक’ ठरते आणि संघराज्याच्या कायद्यात ती ‘फायरआर्म’च्या व्याख्येबाहेर जाते. राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. इथे एक गफलत वारंवार होते. मॉडेलच्या नावातलं वर्ष म्हणजे बनावटीचं वर्ष असं लोक धरून चालतात. ‘मॉडेल १८७३’ची विंचेस्टर रायफल विसाव्या शतकातही बनत होती, आणि त्याच नावाचं वर्ष मिरवणारं कोल्टचं सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरही. त्यामुळे नावावरून निष्कर्ष काढू नये. बनावटीचं वर्ष कळतं ते अनुक्रमांकावरून, तोही मूळ सांगाड्यावरच्या, म्हणजे रिसीव्हर किंवा फ्रेमवरच्या.

ब्रिटन वर्षासोबत काडतूसही पाहतं. मार्च २०२१ पासून तिथे नवे नियम लागू झाले. बंदूक १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची हवी, आणि शिवाय तिचं काडतूस किंवा बार पेटवण्याची पद्धत कालबाह्य ठरवलेल्या यादीत हवी. याच नियमांनी सात प्रकारची काडतुसं त्या यादीतून काढून टाकली, कारण त्या जातीची जुनी रिव्हॉल्व्हरं गुन्ह्यांत सापडू लागली होती. ज्यांच्याकडे ती वर्षानुवर्षं बिनपरवाना, पूर्णपणे कायदेशीर होती, त्यांना अचानक परवाना घ्यायची किंवा वस्तू सोडून द्यायची वेळ आली. आणखी एक अट: ही सूट फक्त कुतूहलाची किंवा शोभेची वस्तू म्हणून बाळगण्यापुरती आहे. तीच बंदूक चालवायचा बेत असेल तर सूट संपली.

भारतात प्रश्न विचारला जातो तो बंदूक चालू शकते का, हा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ४५ पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या, कालबाह्य घडणीच्या किंवा मोडक्या हत्याराला सूट देतं, पण ते दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसेल तरच. दोनशे वर्षांची तोड्याची बंदूक दुरुस्त होऊन चालू शकत असेल, तर तिचं वय तिला वाचवत नाही. त्यातून ती शंभर वर्षांच्या पलीकडची असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही येतो, आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

वर्ष, काडतूस, चालू-बंद अवस्था. एकच वस्तू एका देशात दिवाणखान्यातली शोभा आणि दुसऱ्या देशात तुरुंगाचं कारण ठरू शकते. म्हणून विकणाऱ्याने ‘ही अँटीक आहे, कागद लागत नाहीत’ असं म्हटलं तर त्यावर विसंबायचं नाही. आपण राहतो तिथला, आजच्या तारखेचा नियम स्वतः वाचायचा, आणि शंका असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला लेखी विचारायचं. माझं स्पष्ट मत आहे की लेखी उत्तर हातात येईपर्यंत वस्तू घरी आणूच नये. चांगली वस्तू हातची गेली तर वाईट वाटतं, पण दुसरी मिळते.

खासगी व्यवहाराचे नियमही असेच वेगवेगळे. अमेरिकेत एकाच राज्यातल्या दोन खासगी रहिवाशांनी अधूनमधून केलेल्या व्यवहाराला संघराज्याच्या कायद्याने पार्श्वभूमी तपासणी सक्तीची नाही, पण अनेक राज्यांनी ती सक्तीची केली आहे. दोघं वेगवेगळ्या राज्यांतले असतील तर ‘फायरआर्म’ ठरणारी बंदूक परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच हस्तांतरित व्हावी लागते. संग्राहकांसाठी तिथे ‘क्यूरिओ अँड रेलिक’ नावाचा वेगळा परवाना आहे. साधारणपणे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या बंदुका त्यावर घेता येतात, मात्र प्रत्येक खरेदी-विक्रीची वही ठेवावी लागते. कायदा सक्ती करत नसेल तिथेही हस्तांतर व्यापाऱ्यामार्फत करून घेणं मला शहाणपणाचं वाटतं. थोडी फी जाते, पण समोरच्या माणसाला बंदूक बाळगायची मनाई आहे का, हे तपासलं जातं. अनोळखी माणसाच्या हाती बंदूक देताना ही जबाबदारी विकणाऱ्याची आहे, आणि ती झटकता येत नाही.

‘ही निकामी केलेली आहे’ असं सांगितलं तर प्रमाणपत्र मागायचं. युरोपीय संघात एप्रिल २०१६ पासून निकामी करण्याचा एकच सामाईक मापदंड लागू झाला. त्याआधी निकामी केलेली बंदूक दुसऱ्याच्या नावावर करताना पुन्हा नव्या पद्धतीने निकामी करून घ्यावी लागू शकते, आणि तो खर्च कुणाचा हे आधी ठरलेलं बरं.

अनेकांच्या ध्यानात न येणारी गोष्ट म्हणजे हस्तिदंत. एकोणिसाव्या शतकातल्या कित्येक देखण्या पिस्तुलांच्या मुठी हस्तिदंती आहेत. बंदूक कायद्यात बसली तरी मूठ बसत नाही, असं होतं. ब्रिटनचा आयव्हरी ॲक्ट जून २०२२ पासून लागू आहे. त्यात १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना सूट आहे, पण नोंदणी करूनच. सीमेपलीकडे न्यायची असेल तर अडचण आणखी वाढते.

हात लावण्यापूर्वी

प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच धरायचं. काडतुसाच्या बंदुकीत तपासणी सोपी असते. ठासणीच्या, म्हणजे तोंडातून बार ठासून भरायच्या, बंदुकीत तसं नाही. दीडशे वर्षांपूर्वी कुणी बार भरून खुंटीला टांगली, नंतर तिच्या मालकाने जग सोडलं, आणि ती तशीच पुढच्या पिढ्यांकडे आली, हे अगदी शक्य आहे. काळी दारू कोरडी राहिली तर इतक्या वर्षांनीही पेट घेते.

तपासायची रीत अशी. लाकडी काठी किंवा गज नळीत हलकेच तळापर्यंत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी त्यावर खूण करायची. मग खूण नळीच्या तोंडाशी ठेवून तोच गज नळीच्या बाहेरून तिला लावून धरायचा. गजाचं टोक कान्याच्या, म्हणजे बार पेटवायच्या भोकाच्या, जवळ पोचलं पाहिजे. बोट-दोन बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते स्वतः उकरून काढायचा प्रयत्न करू नये. कसबी बंदूक कारागिराकडे द्यावं. घोडा ओढून ‘चाप कसा लागतो बघू’ हा मोहही टाळावा. भरलेली नसली तरी जुनी स्प्रिंग तुटते, आणि तिच्याबरोबर किंमतही.

अंगावरची अक्षरं

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. जुनी बंदूक बोलते ती तिच्यावर ठोकलेल्या शिक्क्यांतून.

पहिला मान कसोटीच्या शिक्क्याचा, ज्याला प्रूफ मार्क म्हणतात. नळी बनवून झाली की तिच्यात नेहमीपेक्षा जड बार भरून उडवायचा. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का. हे काम बनवणाऱ्याने स्वतः करायचं नसून वेगळ्या संस्थेने करायचं, हा या पद्धतीचा गाभा. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बेल्जियममधल्या लिएज शहरात १६७२ पासून कसोटीची व्यवस्था आहे, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ मध्ये कायद्याने उभं राहिलं.

संग्राहकाला याचा उपयोग असा की शिक्क्यांची चित्रं काळानुसार बदलत गेली, आणि कुठलं चित्र कधी वापरलं गेलं याच्या नोंदी आहेत. लिएजच्या शिक्क्यात लंबगोलात ‘ईएलजी’ अशी रोमन अक्षरं असतात; १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. म्हणजे ‘ही १८७० ची आहे’ असं कुणी सांगतोय आणि नळीवर मुकुटवाला लंबगोल दिसतोय, तर एक तर सांगणारा चुकतोय किंवा नळी मागाहून बदललेली आहे. बर्मिंगहॅमच्या जुन्या शिक्क्यात तिरके एकमेकांवर ठेवलेले राजदंड आणि वर मुकुट आहे; १९०४ मध्ये ही पद्धत बदलली. एकोणिसाव्या शतकात लिएजमधून स्वस्त बंदुकांचा मोठा व्यापार चाले आणि त्यांतल्या बऱ्याच बंदुकांवर इंग्रजी वाटावं असं नाव कोरलेलं असे. वरचं नाव वाचून भाळण्याऐवजी नळी उलटी करून खालचा शिक्का पाहिला की खरं गाव समजतं.

दुसरे अनुक्रमांक. लष्करी बंदुकांत एकाच बंदुकीच्या वेगवेगळ्या भागांवर तोच क्रमांक किंवा त्याचे शेवटचे आकडे ठोकत. जर्मन लुगर पिस्तुलात तर लहानसहान भागांवरही शेवटचे दोन आकडे असतात. सगळे आकडे जुळणारी वस्तू आणि चार भाग इकडचे-तिकडचे असलेली वस्तू यांच्या किमतीत फार मोठी तफावत पडते. त्यामुळे आकडे ‘जुळवण्याचा’ धंदाही चालतो. जुना आकडा घासून नवा ठोकला की त्या जागी धातू किंचित खोलगट होतो. उजेड तिरपा धरला तर ते दिसतं. आकड्यांचं वळणही पाहायचं. कारखान्यात ठराविक साच्यांनी ठोकलेले आकडे आणि कुणी नंतर ठोकलेले आकडे यांत शेपट्या-गाठी वेगळ्या असतात.

पण प्रत्येक बदल म्हणजे लबाडी नसते. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सैन्याने जर्मनांकडून ताब्यात घेतलेल्या माउझर रायफली पुढे सुट्या करून, साफ करून, भाग सरमिसळ करून पुन्हा जोडल्या गेल्या आणि त्या भागांवर नवे क्रमांक घातले गेले. त्यांतल्या कित्येकांवर फुलीची खूण आणि दस्त्यावर चकचकीत लाखेचा लेप असतो. अशा रायफलीचाही स्वतःचा खरा इतिहास आहे. प्रश्न फक्त हा की ती ‘मूळ, न उघडलेली’ म्हणून त्या भावाने विकली जातेय का.

क्रमांक नसणं आणि क्रमांक खोडलेला असणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९६८ पूर्वी अनेक साध्या शिकारी बंदुकांवर क्रमांक घातलाच जात नसे. तशी बंदूक निर्दोष असू शकते. घासून काढलेला क्रमांक मात्र गुन्ह्याची खूण आहे. अशी वस्तू फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. आणि क्रमांक शाबूत असेल तर ती चोरीला गेलेल्यांच्या नोंदीत नाही ना, हे पोलिसांकडून पैसे देण्याआधी तपासून घ्यायचं.

पृष्ठभाग खोटं कसं बोलतो

जुन्या पोलादावर बहुधा निळसर-काळा मुलामा असतो, ब्लूइंग. वापराने तो ठराविक जागी उडतो: नळीच्या तोंडाशी, म्यानात घासणाऱ्या कडांवर, मूठ धरतो तिथे. तिथला धातू करडा-तपकिरी होतो. ही झीज संग्राहकाच्या लेखी दोष नाही. दोष आहे तो नव्याने मुलामा चढवण्यात, आणि किंमत सगळ्यात जास्त उतरते तीही त्यानेच.

नवा मुलामा ओळखता येतो. मुलाम्याआधी धातू पॉलिश करतात, त्यामुळे धारदार कडा गोल होतात, कोरलेली अक्षरं उथळ होतात, आणि स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खड्डा पडतो. गंजाने पडलेल्या बारीक खळग्यांच्या आत मुलामा चमकत असेल तर तो गंजानंतर चढवलेला आहे, दुसरा अर्थच नाही. स्क्रूंच्या खाचा पाहा. त्या पिळवटलेल्या असतील तर कुणीतरी बेजबाबदारपणे उघडलेली आहे.

खोटे शिक्के जास्त धोक्याचे. एखाद्या साध्या कोल्टवर अमेरिकी घोडदळाची खूण ठोकली किंवा जर्मन पिस्तुलावर नाझी गरुड ठोकला की भाव वाढतो, म्हणून ते करणारे आहेत. पाहायचं हे की झीज आणि शिक्का यांत आधी काय. खरा शिक्का बहुधा मुलाम्याच्या खाली असतो आणि त्याच्या कडा आजूबाजूच्या धातूइतक्याच झिजलेल्या असतात. नंतर ठोकलेला शिक्का मुलामा फाडून आत जातो आणि त्याच्या कडा वर उचललेल्या राहतात.

नकलेची गोष्ट त्याहून अवघड. कोल्टचं १८४७ चं वॉकर रिव्हॉल्व्हर अवघं अकराशेच्या आसपास बनलं. एक उत्तम जपलेलं वॉकर २०१८ मध्ये लिलावात १८ लाख ४० हजार डॉलरना गेलं. दुसरीकडे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इटलीतल्या कारखान्यांनी या आणि अशा रिव्हॉल्व्हरांच्या नकला प्रामाणिकपणे, आपला शिक्का मारून बनवल्या. त्यांतल्या काहींचे शिक्के पुढे कुणीतरी घासले, आम्लाने गंज आणला, आणि त्या ‘माळ्यावर सापडलेल्या’ झाल्या. इतक्या दुर्मिळ वस्तूच्या बाबतीत डोळ्यांवर भरवसा ठेवून खासगीत व्यवहार करणं मला पटत नाही. स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत पैसे अडकवू नयेत, आणि विकणारा तपासणीला नकार देत असेल तर विषय तिथेच थांबवावा.

कागद काय सिद्ध करतात

२७ ऑगस्ट २०२१ ला बॉनहॅम्सच्या लिलावात एक कोल्ट सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर ६० लाख ३० हजार डॉलरना विकलं गेलं. शेरीफ पॅट गॅरेटने १४ जुलै १८८१ रोजी बिली द किड या अमेरिकेतल्या कुख्यात गुन्हेगाराला मारलं ते हेच. त्याच जातीची, त्याच काळातली रिव्हॉल्व्हरं याच्या शतांश किमतीतही मिळतात. फरक कागदांचा आहे. गॅरेटच्या पत्नीने हे रिव्हॉल्व्हर परत मिळवण्यासाठी न्यायालयात दावा लावला आणि जिंकला. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी सलग राहिली.

‘हे माझ्या पणजोबांनी अमुक लढाईत वापरलं’ या वाक्याला पैसे द्यायचे का, याचं उत्तर त्या साखळीत आहे. त्या पणजोबांचं सैन्यातलं नोंदपत्र, बंदुकीसह जुनं छायाचित्र, क्रमांक नोंदवलेलं पत्र किंवा विम्याचा कागद, यांपैकी काही असेल तर गोष्टीला वजन येतं. काहीच नसेल तर गोष्ट ऐकावी, आदराने ऐकावी, लिहूनही ठेवावी. भाव मात्र बंदुकीचाच द्यावा.

काही कारखान्यांच्या जुन्या नोंदी अजून शाबूत आहेत. कोल्ट कंपनी फी घेऊन क्रमांकावरून पत्र देते: नळीची लांबी, कॅलिबर (नळीच्या भोकाचं माप), मुलामा, कुठल्या तारखेला कुठल्या व्यापाऱ्याकडे रवाना. विंचेस्टरच्या अनेक मॉडेलांच्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी फायरआर्म्स म्युझियममध्ये आहेत, तेही अशी पत्रं देतं. हे पत्र बंदुकीचा जन्मदाखला आहे. पुढे ती कुणी वापरली हे त्यातून कळत नाही. पण जन्मदाखल्यात लांब नळी आणि हातात आखूड नळी असेल, तर ती कधीतरी कापली किंवा बदलली गेली हे नक्की कळतं. पत्राचे पैसे कुणी द्यायचे यावर घासाघीस करण्यापेक्षा घेणाऱ्याने ते सरळ द्यावेत.

चालवायची की नाही

संग्रहातली बंदूक चालवू नये, असं माझं ठाम मत आहे. कारण धातूचं आहे. पॉल व्हिएलने १८८४ मध्ये धूरविरहित दारू शोधली आणि त्यानंतर काडतुसांतला दाब वाढत गेला. त्याआधीच्या नळ्या काळ्या दारूच्या मंद दाबासाठी बनलेल्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून केलेल्या डमास्कस नळ्यांवरची नक्षी मोहवून टाकते, पण तिच्या जोडांत आत काय गंजलं आहे ते बाहेरून दिसत नाही. आधुनिक काडतूस त्यात बसलं म्हणून ते चालवण्याजोगं ठरत नाही. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या एम१९०३ रायफलींचंही उदाहरण बोलकं आहे. क्रमांक ८,००,००० च्या आतल्या रिसीव्हरांना उष्णता देताना तापमानाचा अंदाज कारागीर नजरेने घेत; काही जास्त तापले, ठिसूळ झाले आणि पुढे फुटले. बाहेरून चांगली आणि ठिसूळ, दोन्ही रायफली सारख्याच.

व्यवहार आणि त्यानंतर

विकणाऱ्याला वस्तूचं मोल ठाऊक नसेल तर? वारसांकडून घेताना हे सारखं घडतं. मला यात एकच मार्ग दिसतो: आपल्याला जे कळतंय ते त्यांना सांगावं आणि वाजवी भाव द्यावा. दुसऱ्याच्या अज्ञानावर कमावलेली वस्तू संग्रहात मिरवू नये. शिवाय हे वर्तुळ लहान आहे, इथे नाव पसरायला वेळ लागत नाही, आणि सरळ वागणाऱ्याकडे पुढच्या वेळी लोक आपणहून येतात.

विक्रीचा कागद दोन प्रतींत करावा. दोघांची नावं, पत्ते, ओळखपत्रं, बनवणारा, मॉडेल, कॅलिबर, क्रमांक, रक्कम, तारीख, वस्तू आपल्याच मालकीची असल्याचं विकणाऱ्याचं विधान, आणि ज्या मूळपणाच्या दाव्यावर किंमत ठरली तो दावा शब्दशः. दूर राहणाऱ्याकडून घेत असाल तर वस्तू पाहून काही दिवसांत परत करता येईल अशी मुदत त्यातच लिहून घ्यावी. पाठवणी कशी करायची याचे वेगळे नियम असतात, तेही आधी पाहावेत.

घरी आल्यावर सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे उत्साह. पॉलिश, ब्रास क्लीनर, सँडपेपर यांतलं काहीही लावू नये. सैल धूळ आणि ताजा लाल गंज तेवढा मऊ फडक्याने, थोड्या तेलाने काढावा. बाहेरून पातळ मेणाचा हात पुरे. संग्रहालयांतही चालणारं रेनेसाँ वॅक्स मूळ ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं आहे. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवून देऊ नये, चामडं कमावताना वापरलेली आम्लं आणि त्यातली ओल धातू खातात. म्यान जवळ पण वेगळं, बंदूक कुलुपात, काडतुसं असलीच तर दुसऱ्या कुलुपात.

प्रत्येक वस्तूची एक फाइल करावी: विक्रीचा कागद, कारखान्याचं पत्र, शिक्क्यांचे जवळून काढलेले फोटो, विकणाऱ्याने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत आणि ‘पुरावा नाही’ अशा शेऱ्यासह. कुठली वस्तू परवान्यावर आहे, कुठली सवलतीत, मालकाच्या पश्चात किती दिवसांत कुणाला कळवायचं, हेही त्यात लिहावं आणि ही फाइल कुठे आहे ते घरातल्या निदान एकाला माहीत असावं. बऱ्याच वारसांवर नकळत बिनपरवाना शस्त्र बाळगल्याचा ठपका येतो, तो एवढ्याच एका कागदाच्या अभावी.